बाबांच्या गुडघ्याला झेपेल अशी पायरी

लाडक्या रुचूला डोंगरावरून दादाचा टपली मारून आशीर्वाद.

मी मजेत आहे, आईला सांग. माणगावपलीकडच्या डोंगरात पावसाने वाहून गेलेली पायवाट आम्ही पोरं फुकटात बांधतोय. तांदळाची भाकरी पोटभर मिळते. हाताला फोड आलेत, ते तिला सांगू नकोस.

काल भांडलो. आम्हाला काम शिकवणाऱ्या धर्माजीकाकांनी माझ्या चार पायऱ्या पहारीने उखडल्या. मी भडकलो, तर म्हणाले, "पायरी तुझ्या टांगेला न्हाय, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायजाला जमली पाहिजे." इथल्या गावातली बायजाकाकू मोळी घेऊन चढल्याशिवाय इथे पायरी पास होत नाही.

आज पुन्हा बांधल्या. काकू न थांबता चढली आणि वरून विचारते, "राग उतरला का रं?"

कॉलेज सोडलं तेव्हा मी बाबांना नको ते बोललो. अजून माझं नाव घेत नाहीत ना? नेत्रा दिसली तर माझं काही बोलू नकोस. कशी आहे तेवढं कळव.

पायऱ्या मी काकांनी सांगितल्यापेक्षा दोन बोटं बुटक्याच ठेवल्यात. काकांनी कारण विचारलं. म्हटलं, माझ्या बाबांचा गुडघा दुखतो. त्यांनी हातातली पहार खाली ठेवली.

नेत्राची ओळ गाळून हे बाबांना वाचून दाखव.

तुझा तापट दादा,
निकेत