टोकनशिवाय गाडी जाणार नाही

॥ श्री ॥

मेनूथ, १२ नोव्हेंबर २००५

ती. आजोबांना,

शि. सा. न. एवढं आईने शेजारी उभं राहून लिहून घेतलं आणि ती पोळ्या लाटायला गेली. आता पुढचं माझं मी लिहिते.

तुम्ही फोनवर आईला विचारता, पोरगी बोलत का नाही. आजोबा, फोन कानाला लावला की मला काही सुचतच नाही. पत्रात सुचतं. शुद्धलेखन सातवीपर्यंतचंच आहे, सांभाळून घ्या.

मिस्टर किहो गेले. मागच्या मंगळवारी, हॉस्पिटलमध्ये. ते रिटायर्ड पोस्टमन होते आणि इथल्या मॉडेल रेल्वे क्लबातले माझे मित्र होते. आई म्हणते, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला मित्र म्हणू नये. मग काय म्हणू?

शाळा सोडल्यापासून मी आईच्या डब्यांच्या कामात आहे. शहरात कालव्याकाठी, ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसांतले डबे पोचवून आले की दुपार रिकामी असते. मागच्या वर्षी अशीच चर्चच्या हॉलमध्ये डोकावले तर हे एकटेच बसले होते. त्यांनी नाव विचारलं नाही, शाळा का सोडली विचारलं नाही. हॉलच्या त्या टोकाला बोट दाखवून म्हणाले, तिथे जाऊन बस आणि घंटा वाजली की जितके ठोके येतील तितके परत दे.

त्यांची रेल्वे हॉलभर पसरलेली आहे. एका टोकाला त्यांच्या गावाचं स्टेशन, दुसऱ्या टोकाला जंक्शन, मध्ये एकच लाइन. खरी लाइन ते तिशीत असताना बंद झाली, रूळसुद्धा उपटून नेले. त्यांनी सगळं आठवून आठवून बनवलं. एका घरामागे दोरीवर वाळत घातलेला निळा एप्रन आहे, तो त्यांच्या आईचा. मध्ये लाकडी भिंत आहे, त्यामुळे दोन टोकांची माणसं एकमेकांना दिसत नाहीत. सगळं घंटेवर. आणि पितळेची चार बोटं लांब एक काठी आहे, टोकन. ती ज्याच्याकडे, त्यानेच गाडी सोडायची. गाडी निघाली की काठीही दोरीवरून सरकवत त्या टोकाला पाठवायची. वर्गात हजेरीला हिअर म्हणणंसुद्धा मला जमायचं नाही, पण इथे मी वर्षभर तासन् तास बोलत होते, ठोक्यांनी.

आता क्लबचा चेअरमन डेस्मंड म्हणतो, दोन्ही टोकं करवतीने कापून गोल जोडायचं. मग पाच गाड्या आपोआप फिरतील, कुणी बसायला नको, टोकन नको, भिंत नको. लोकांना गाडी फिरताना बघायची असते म्हणे. किहोंचं गाव मधोमध कापलं जाणार आहे. घरी आले आणि प्रेसमधल्या, म्हणजे कपाटातल्या, बरण्या सगळ्या बाहेर काढून पुन्हा लावल्या. आई म्हणाली, बरं झालं, कधीपासून करायचं होतं.

मला सांगा, काय करू? तुम्ही स्टेशनमास्तर होता. बीपीची गोळी विसरू नका.

तुमची,
पूर्वा

—

मिरज, २४ नोव्हेंबर २००५

चि. पूर्वास मोरेश्वर आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे किहो गेल्याचं वाचून वाईट वाटलं. पोस्टमनला रेल्वेचा नाद, ही गंमतच. आम्ही रेल्वेवाले जन्मभर पोस्टमनची वाट बघत बसलो. माणूस सज्जन असणार, तुला शाळेबद्दल विचारलं नाही त्यांनी. मी विचारणार होतो, आता मलाही लाज वाटते.

आमच्या छोट्या लाइनवर टोकन म्हणजे लोखंडी गोळा असायचा, पुढच्या स्टेशनाने लाइन मोकळी सांगितली तरच मशीनमधून निघणारा. वेताच्या रिंगणात घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. बाळू, आपला सांधे बदलणारा पॉइंट्समन, धावत्या गाडीला असा द्यायचा की ड्रायव्हर चहाचा कपही खाली ठेवायचा नाही. आता त्याचे गुडघे गेलेत. रोज संध्याकाळी येऊन बसतो आणि पुतणीच्या लग्नाचं काही ठरलं का विचारतो. कुणाच्या पुतणीच्या, मला माहीत नाही.

तू विचारलंस, काय करू. बाळ, जाऊ दे. चेअरमनशी वाद घालू नये. परक्या मुलखात राहायचं, आईबाबांचं काम लोकांवर अवलंबून. शेवटी ते खेळणं आहे, कापलं काय, गोल केलं काय. तुझी आजी असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. म्हणजे तिने सांगितलं नसतं, पण मी सांगतो.

थंडीत कान झाकून जात जा. आईला म्हणावं, कुरियरने पाठवलेली चटणी पोचल्याचं कळवायला काय होतं?

माया असू दे, राग आला तरी.

मोरेश्वर आजोबा

—

मेनूथ, ८ डिसेंबर २००५

ती. आजोबांना,

शि. सा. न. चटणी पोचली, संपलीसुद्धा.

राग आलाय. खेळणं? तुम्ही म्हणता, खेळणं?

प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आपल्याकडे एकच गोष्ट सांगतात. इन्स्पेक्शनला आलेल्या बड्या साहेबाला पुढे कुठे तरी जायची घाई होती, मशीनमध्ये गोळा अडकला, फोनही बंद. साहेब म्हणाला, सोडा गाडी, माझी जबाबदारी. आणि माझे आजोबा म्हणाले, गोळा नाही तर गाडी नाही. दीड तास साहेबाला बाकावर बसवून ठेवलं आणि वर पिठलं-भाकरी खाऊ घातली. आजी सांगायची तेव्हा साहेबाची नक्कलसुद्धा करायची. लहानपणी झोपताना मी हीच गोष्ट मागायचे. आणि तुम्ही मला लिहिता, जाऊ दे?

मी जाऊ दिलं नाही. तुमची गोष्ट इंग्लिशमध्ये दोन पानं लिहिली आणि मीटिंगच्या आधी डेस्मंडच्या हातात दिली. तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. त्याने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. अकरा म्हातारे आणि मी. मग एकजण म्हणाला, युअर मॅन इज अ लेजंड. इथे कुणालाही युअर मॅन म्हणतात, पण मला वाटलं, हो, माझाच आहे.

डेस्मंड वाईट नाही. त्याने तोड काढली. फेब्रुवारीत लोकांसाठी ओपन डे असतो. त्या दिवशी किहोंच्या पद्धतीने गाड्या चालवायच्या, घंटा, टोकन, सगळं. एका टोकाला मी, दुसऱ्याला तो स्वतः. लोक कंटाळून निघून गेले तर दुसऱ्या दिवशी करवत. मी मान डोलावली.

आता मी रोज एकटी प्रॅक्टिस करते. तिकडून घंटा देते, पळत इकडे येऊन उत्तर देते. आईला वाटतं मी चालायला जाते आणि म्हणूनच बारीक झाले. ग्रँड, म्हटलं, इथे ठीक आहेला तसंच म्हणतात. तुम्ही फक्त एवढं लिहा, की त्या दिवशी साहेब ओरडला तेव्हा तुम्ही तोंडावर काय ठेवलं होतं. म्हणजे चेहरा कसा ठेवला होता. मला शिकायचंय.

तुमचीच, रागावलेली,
पूर्वा

—

मिरज, २२ डिसेंबर २००५

चि. पूर्वास,

आशीर्वाद शेवटी लिहितो. हे वाचून तुला ते घ्यावेसे वाटले तर घे.

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली आहे. चेहरा कसा ठेवला विचारतेस. मी गाडी सोडली होती.

साहेब ओरडलासुद्धा नाही. हसला. म्हणाला, मास्तर, पुढे काय असणार आहे, बैलगाडी? आणि मी हिरवा बावटा दाखवला. गोळा नाही, फोन नाही, परवानगीचा कागद नाही. सिंगल लाइन, आणि समोरून मालगाडी यायची वेळ झालेली. पन्नास मिनिटांनी फोन सुरू झाला आणि कळलं की साहेबाची गाडी पोचली, मालगाडी पुढच्या स्टेशनातच थांबलेली होती. तिथल्या मास्तरने नियमाने थांबवली होती. त्याने वाचवलं, मी नाही. साहेबाच्या डब्यामागे आणखी तीन डबे होते. बाजारची माणसं.

त्या पन्नास मिनिटांत मी नळाखाली दोनदा ओकलो. बाळू शेजारी होता. तो आजपर्यंत कुणाला बोलला नाही. पिठलं खरं आहे, पण ते साहेबाला नव्हे, आम्हा दोघांना केलं होतं आणि ते घशाखाली गेलं नाही.

घरी गेलो तर तुझ्या आजीने विचारलं, तोंड का उतरलंय. तेव्हा मी ती गोष्ट सांगितली, जशी व्हायला हवी होती तशी. तिला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलनीला कळलं. मग पस्तीस वर्षं ऐकत बसलो. प्रत्येक लग्नात लोक माझ्याकडे बघायचे आणि मी जिलबी खायचो. ती जायच्या आधी सांगावं असं वाटलं होतं. नाही सांगितलं.

जाऊ दे असं तुला का लिहिलं, कळलं? मला तेवढंच येतं.

तुझ्या क्लबात माझं नाव खोटं वाजतंय. तुला लाज वाटेल, ते मला सोसवत नाही. तरी सांगतो, पोरी, तू जाऊ देऊ नकोस. तुझी गाडी वीतभर आहे, तरीही जाऊ देऊ नकोस.

आशीर्वाद खाली ठेवलेत.

मोरेश्वर आजोबा

—

मेनूथ, १३ फेब्रुवारी २००६

ती. आजोबांना,

शि. सा. न. आशीर्वाद उचलले. त्याला दीड महिना लागला, त्याबद्दल सॉरी.

आधी मी तुमचं पत्र फाडणार होते. मग नुसतीच डबे घेऊन डॉकच्या काठाने दोनदा चालत गेले. डबे गार झाले, अभिजित नावाच्या एका इंजिनिअरने आईला फोन करून तक्रार केली. ती नळाखालची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. आजीच्या गोष्टीत तुम्ही माझे आजोबा होता. या गोष्टीत तुम्ही मला कळता. मीसुद्धा शाळेत दोनदा ओकले होते.

परवा ओपन डे झाला. हॉल भरला होता. आईबाबाही आले होते. बाबा मित्राला सांगत होते की रेल्वे आमच्या रक्तात आहे, आणि मला भिंतीमागे लपावंसं वाटत होतं. नशिबाने माझी जागा भिंतीमागेच होती.

पहिला तास छान गेला. मग डेस्मंडने माझ्याकडे दोन डब्यांची गाडी पाठवली, पण दोरीवरून काठी आलीच नाही. त्याला फोन आला होता, काठी खिशात टाकून तो बाहेर गेला होता. मी गाडी उभी केली, सिग्नल लाल. माझ्यासमोर तीसचाळीस माणसं, पोरं पुढे. दहा मिनिटांनी तो परत आला आणि तिकडून घंटा, पाठव. मी उत्तर दिलं नाही. पुन्हा घंटा. मग भिंतीवरून त्याचा आवाज आला, काठी राहू दे, सोड गाडी, लोक ताटकळलेत. एक बाई मुलाला घेऊन निघालीच. बाबा खुणा करत होते, सोड, सोड. तुमच्यासारखंच आजोबा, अगदी तोच हात.

मी नकाराची मान हलवली. मग डेस्मंड स्वतः भिंतीच्या कडेला आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा हसत म्हणाला, हिच्या आजोबांनी भारतात बड्या साहेबाला थांबवलं होतं, आता ही मला थांबवते.

तेव्हा मी उभी राहिले. मी इंग्लिशमध्ये म्हणाले की माझ्या आजोबांनी गाडी सोडली होती. मी लिहून दिलेली गोष्ट खोटी होती. त्यांनी सोडली आणि ते आजपर्यंत झोपलेले नाहीत. म्हणून मी सोडणार नाही. काठी आण.

एवढं मी शाळेत सगळ्या वर्षांत मिळून बोलले नव्हते. आई रडत होती, तिला तर काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याची शिक्षा द्याल ती घेईन. पण माफी मागणार नाही.

डेस्मंड लाल झाला. मग आत गेला, काठी खिशातून काढली आणि दोरीवरून न पाठवता हॉलच्या कडेने चालत घेऊन आला, सगळे बघत असताना. माझ्या हातात ठेवली. मी घंटा दिली, त्याला परत जाऊन उत्तर द्यायला लागलं, तोवर थांबले. मग सोडली. निघालेली बाई परत येऊन उभी होती. गाडी किहोंच्या आईच्या एप्रनजवळून गेली तेव्हा हॉलभर रुळांचा आवाज ऐकू येत होता.

करवत थांबली आहे, पण एका अटीवर. डेस्मंड म्हणतो, दुसऱ्या टोकाला बसायला कायमचा माणूस आण, मी पुन्हा बसणार नाही. ऑगस्टपर्यंत मुदत दिली आहे. बाकीच्या म्हाताऱ्यांना घंटांचा कंटाळा येतो.

आजी गेल्यापासून आई तुम्हाला बोलावते आणि तुम्ही गुडघे, बीपी, बाळू असं काहीबाही सांगता. मी आजवर बोलावलं नव्हतं. आता बोलावते. जंक्शनच्या टोकाची खुर्ची रिकामी आहे. तिथून मी दिसणार नाही, फक्त ठोके ऐकू येतील.

वाट बघते, लाल सिग्नल लावून.

पूर्वा

—

मिरज, २७ फेब्रुवारी २००६

चि. पूर्वास अनेक आशीर्वाद, या वेळी पहिल्याच ओळीत.

तुझं पत्र बाळूला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाला, मास्तर, आता जिलबी आणा. आणली. पहिल्यांदा गोड लागली.

शिक्षा काय द्यायची? तुझ्या काकाला, आत्याला, सगळ्यांना मी स्वतः कार्डं टाकली आहेत, खरी गोष्ट लिहून. हात दुखला. कुणाकुणाचे फोन येतायत, घेत नाही.

पासपोर्टचे फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, हसू नका. मे महिन्यात येतो, तिकिटाचं तुझ्या बाबांना बघायला सांग. तुमच्या घंटांचे ठोके कागदावर लिहून पाठव, आमचे वेगळे असतील. म्हातारा झालो तरी पाठ होईल.

पण बसायच्या आधी एक ऐकून ठेव. मला सवय वाईट आहे. एखाद्या दिवशी कुणी तरी मोठा माणूस हसत येईल, आणि मी त्या टोकावरून म्हणेन, जाऊ दे गं, सोड. मी म्हणेन, मला माहीत आहे. तेव्हा मी कोण आहे ते बघू नकोस. गाडी उभी ठेव, आणि मला काठी घेऊन चालत यायला लाव.

तुझा,
मोरेश्वर आजोबा