आधी खोकी थांबतात

६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून वहिनी फुरंगटली असेल. तिला सांग, माझ्या खोक्यांच्या कारखान्यात काम कमी आहे, आणि काम कमी असलं की मला काही सुचत नाही. आधी फ्रिजची मोठी खोकी थांबली, मग पंख्यांची, आता बुटांचीही निम्म्यावर आली. दुकानदारांना विचारावं तर म्हणतात, सगळं झकास चाललंय. त्यांच्याकडे जुना माल भरलाय, त्यांचं काय जातंय! नवा माल बनायचा थांबला की आधी पुठ्ठ्याच्या खोक्याला कळतं.

तू चाळीस वर्षं कॉलेजात तेजी-मंदी शिकवलीस, आता त्यावर जाडजूड पुस्तक लिहितोयस. मला एवढंच सांग, हे किती दिवस चालणार? माझ्याकडच्या अकरा बायका माझ्या तोंडाकडे बघतायत.

तुझा लोभ मागायला लागत नाही, तरी मागते.

तुझी ठमी

१९ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण मी उठून तुझ्या वहिनीला हाक मारली. जे सांगायला मी तीन प्रकरणं खरडली, ते तू खोक्यांत सांगितलंस!

छोट्या मंद्या येतात नि जातात. त्यांच्याखाली एक लांब लाट असते. नवं यंत्र येतं, सगळे त्यात पैसा ओततात, वीस-पंचवीस वर्षं भरभराट. मग ती वस्तू घरोघरी पोचते, कारखाने गरजेपेक्षा जास्त होतात, नफा आटतो, उतरण लागते. माझ्या मते आता उतरण आहे, आणि ती दहा-बारा वर्षंही चालेल. तेव्हा मोठं मशीन किंमत येतेय तोवर विक आणि इकडे राहायला ये. वरची खोली रिकामीच आहे. माझं ऐकायचं नाही हा तुझा जन्माचा पण एकदा तरी मोड.

वहिनीचा आणि माझा लोभ आहेच, तो इथे येऊन घे.

दादा

३ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. सव्वीस वर्षं खळ लावणाऱ्या आमच्या खळकाकूंनी विचारलं, की लाट बारा वर्षांची असेल, पण भूक रोजची. तिचं प्रकरण साहेबांच्या पुस्तकात कितवं? तो प्रश्न तुलाच पाठवतेय.

मशीन विकलं नाही, चादर घालून ठेवलंय. कुणालाही काढायचं नाही, त्याऐवजी मी धरून सगळ्यांनी आठवड्यातून चारच दिवस काम करायचं, असं ठरवलं. ते मशीन चालवणारी आमची मशीनवाली चिडली. ती सगळ्यांत जुनी, तिनं नव्या पोरींसाठी का सोसायचं, असं म्हणून दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, ती थेट खोकी मोडायला, म्हणजे पुठ्ठा घडीवर दुमडायला, बसली. लोक नवं घेत नाहीत, जुनंच दुरुस्त करतात. म्हणून दुरुस्तीच्या दुकानांत फिरून सुट्या भागांच्या चिमुकल्या खोक्यांचं काम आणलंय. ती हातानंच मोडावी लागतात.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

ठमी

१ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

खळकाकूंच्या प्रश्नासाठी मी तीनशे पानं चाळली. कारखाने बंद पडतात, भांडवल दुसरीकडे जातं, सगळं आहे. संध्याकाळी घरी आलेलं माणूस कुठेच नाही.

बाबा नोकरीला होते तो काचकारखाना बंद पडला तेव्हा मी शिकायला बाहेर होतो. ती दोन वर्षं घर कसं चाललं, हे मी तुला कधी विचारलंच नाही. आज विचारतो.

दादा

१४ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून सांगते. मला शाळेचा कंटाळा आला म्हणून सोडली, असं तुला कळवलं होतं ना? ते खोटं. बाबांनी समोर बसून लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर उठून बाहेर गेले. त्यांची नोकरी गेली नि मी पंधराव्या वर्षी खोक्यांच्या टेबलाशी बसले. तुझी दोन वर्षांची फी त्यातूनच गेली.

आता डोळे पुसत बसू नकोस. मला खोकी आवडली, अजून आवडतात. फक्त तेव्हा कुणी बाबांना चार दिवस तरी या म्हणालं असतं, तर मी दहावी झाले असते, एवढंच कधी कधी मनात येतं.

मागची बाकी नाही, पण पुढचा लोभ हवा.

ठमी

९ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी तू उतरण बारा वर्षं चालेल म्हणाला होतास. या आठवड्यात वीज साठवायच्या बॅटऱ्यांच्या खोक्यांचं मोठं काम आलं. बॅटरी चपटी, जड, नाजूक. आतला पुठ्ठा तीनदा हातानं मोडावा लागतो. शेजारच्या दोन्ही कारखान्यांनी माणसं कधीच काढून टाकली, त्यांना आता मोडणारे हात मिळेनात. माझ्याकडे अकरा जणी तयार. मशीनवालीनं नमुन्याचं खोकं करून त्यावर स्वतः उभी राहून दाखवलं, तेव्हा बॅटरीवाल्या साहेबांनी तिथेच होकार दिला.

गेल्या वर्षी तू महिनाभर इथे येऊन मोडलेली वाकडीतिकडी खोकी मात्र कुणाला दाखवली नाहीत. पुस्तकात खळकाकूंचं प्रकरण घातलंस हे त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, किती पानांचं.

ही तुझी नवी लाट की नुसता तरंग, ते तू ठरव. आमचं सोमवारपासून सहा दिवस काम आहे. पत्रं उशिरा येतील, तेव्हा लोभ जरा साठवून ठेव.

तुझी ठमी