मुका केलेला माहितीपट

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, माझ्याच सत्कारात, माझा माहितीपट मुका केला. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं म्हणून!

माहितीपटात निवेदन न घालता माणसांना बोलू देणारी इथली पहिली मी. सत्काराची शाल त्यासाठीच होती ना?

"मॅडम, चित्र दिसतंय की," आयोजक म्हणाले.

"मग पाहुणेही नुसते दिसू देत."

पडद्यावर पिशोर गावची मेंढपाळ ठकूबाई नुसतेच ओठ हलवत होती. तिथं ती मला विचारते, "बाई, घरी वाट बघाया हाय का कुणी?" आणि कॅमेऱ्यामागून मी हसते.

तेव्हा होतं कुणीतरी. आता ठकूबाईही नाही. ते हसणं मला ऐकायचं होतं. माहितीपटाची एकमेव प्रत आयोजकांकडेच आहे.

आयोजकहो, आवाजासकट पुन्हा दाखवा, मी एकटी बसेन. शुक्रवारी पाचच्या आत लेखी उत्तर हवं.