भिंगरीची कोरफड

ता. ३ मार्च

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

इस्त्री करताना वाफ लागून चिमणीचं मनगट लाल झाल्याचं कळलं. सोबत कुंडी पाठवतोय. अस्सल कोरफड आहे, एका जाणत्या माळ्याने स्वतः काढून दिली. ऊन दाखव, पाणी बेताने घाल. पात मोडायची आणि थेट चोळायची, डाग गायब! कुंडी आणणारा टेम्पोवाला काय बासरी वाजवतो! त्याच्याकडून शिकायचं म्हणतोय. असो. भाचीला पापा.

लोभ आहेच, कुंडीसारखा वाढव.
तुझा भिंगरी

ता. १४ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

चिमणीचं मनगट थंड पाण्यानेच बरं होत आलंय. तुझी पात तिला लावली नाही. लहानपणी तू काही खायला आणलंस की आधी मी चाटून बघायचे, ती खोड गेलेली नाही. माझ्याच कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर रस चोळला. तासाभरात आग, सकाळी फोड. चार दिवस दुकानात इस्त्री ह्यांनी केली, गिऱ्हाइकांच्या शर्टांना दोन-दोन घड्या! डॉक्टरीणबाई पात बघून म्हणाल्या, ही कोरफड नव्हे, घायपात आहे. तुझा जाणता माळी कोण रे?

चिमणी रोज विचारते, मामाचं औषध कधी लावणार. काय सांगू तिला? रागावले नाही, पण खरं लिही.

तुझी ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस, सा. न.
वि. वि. लिहायचा धीर होत नाही.

माळी नव्हताच. रस्त्याकडेच्या कुंपणातून मीच उपटलं. जाड, काटेरी पात दिसली, वाटलं कोरफडच असेल. लिहिताना त्या ‘असेल’चं ‘आहे’ झालं. माझ्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून माळी घातला. तुझी ती खोड नसती तर तो फोड चिमणीच्या मनगटावर आला असता. ते मनगट डोळ्यांसमोरून हलत नाही. बासरीही शिकलो नाही.

दोन आठवडे एका रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरतोय. मालकीणबाई म्हणाल्या, मोडून बघ, दोरे निघाले तर घायपात, गर निघाला तर कोरफड. माती रेताड हवी, मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही. कापलेली पात उभी ठेवून पिवळा चीक गळून जाऊ द्यायचा, पात धुवायची, मग नुसता पांढरा गर घ्यायचा. उघड्या जखमेला लावायचा नाही. आणि आधी कोपराला लावून दिवसभर थांबायचं. मी म्हटलं, हे माझ्या ताईला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, मग तुला कसं नाही? मी माती भरत राहिलो.

कालच इथल्या खऱ्या कोरफडीचा गर माझ्या कोपराला लावलाय. त्याच कोरफडीची कुंडी आता टेम्पोने पाठवत नाही, रविवारी स्वतः आणतो. दारातच बाही वर करीन. चिमणीलाच बघू दे. लाल दिसलं तर कुंडी बाहेर आणि मीही. नाही दिसलं, तरी तिला काय सांगायचं ते मीच सांगतो, की माळी वगैरे कोणी नव्हतं, मामाच होता.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.
भिंगरी