टूलने केलेलं काम

३ मार्च
आलं एकदाचं ते रिफॅक्टरिंगचं टूल! जुन्या कोडचं काम तेच ठेवून मांडणी सुधारणार म्हणे, तीही आपोआप. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यांना हे जमणार नाही, त्यांचा विचार करावा लागेल." बोलताना बघत होते माझ्याकडे. टीममध्ये वयाने मीच मोठी, दुसऱ्या कोणाकडे बघणार?

४ मार्च
एका अवाढव्य फंक्शनचे दोन तुकडे करायचे होते. ओळी निवडल्या, बटण दाबलं. उत्तर — "निवड अयोग्य." का अयोग्य, ते विचारायची सोय नाही. एक कंस कमी घेतला, एक जास्त घेतला, तेच. शेवटी एकदाचं पटलं त्याला, तर चौकट उघडून उलटतपासणीच सुरू केली. पासपोर्ट काढताना मला एवढे प्रश्न विचारले नव्हते.

५ मार्च
कोडमधलं "ग्राहक" हे नाव बदलून "खातेदार२" कर म्हटलं. शहाण्याने पत्राच्या मजकुरातही बदललं! चाचणीत पत्र निघालं — "प्रिय खातेदार२". नवऱ्याला सांगितलं तर हसून हसून ठसका लागला त्याला. "अगं, मग पूर्ववत कर की." केलं. अर्धंच झालं. डोक्याला ताप नुसता.

६ मार्च
टूल बंद. सगळं हाताने केलं. नीट झालं.

७ मार्च
साहेबांनी काम पाहिलं. "वा, काय सफाईने केलंय टूलने!" मी नुसती मान डोलावली. खरं सांगायची हिंमतच झाली नाही.

शेजारच्या टेबलावरचा चष्मिशही भराभर कामं उरकतोय. मेल्याला टूल बरं जमतंय. हेवा वाटतो मला, खोटं कशाला बोलू.

१२ मार्च
चष्मिशने चहाच्या मशीनपाशी गाठलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, "ताई, ते टूल कसं वापरता, मला शिकवाल का? मी पहिल्या दिवसापासून सगळं हातानेच रेटतोय. कुणाला बोलू नका हं."

मी कपाळाला हात लावला. माझंही सांगून टाकलं. मग दोघं इतके हसलो की चहा सांडला. ठरलं — दोघांनीही गप्प बसायचं. नोकरी तर टिकेल! आज फार हलकं वाटतंय.

१४ मार्च
साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. फार खूष होते. टूल एवढं छान चालतंय म्हटल्यावर आता तुम्हा दोघांची गरज उरली नाही, म्हणाले. महिन्याची नोटीस. तोवर सगळं काम टूलकडे नीट सोपवायचंय.