सुमाची पश्चिम दिशा

सातारा, ९ जानेवारी १९४९
न्हाऊन केस वाळवत मागच्या पायरीवर बसले आणि एकदम पाचगणी आठवली. रविवारी सुमा आणि मी कॉन्व्हेंटच्या पायरीवर अशाच पाठीला पाठ टेकून बसायचो. तिचे केस गुडघ्यापर्यंत, माझी उंदराची शेपटी. तिच्या मांडीवर नकाशांचं पुस्तक. बोट फिरवीत तोंडानं गाडी चालवायची. "रोम आलं. उतरा." "मला भूक लागलीय." "आता नाही. व्हेनिसला जेवू." एवढंच. पन्नासाला दोनचार वर्षं कमी असतील त्या गोष्टीला.
हे जाऊन चौदा महिने. मूलबाळ नाही. चार खोल्यांत मी आणि स्वयंपाकाची गंगू.
सुमाला सांगलीला पत्र टाकलं. चल, खरंच जाऊ. बोटीनं इटली, पुढं गाडीनं गावं गावं. मन फिरायच्या आत पेटीत टाकून आले.

१४ जाने.
सुमाचं उत्तर. एकच ओळ. "रोमला किती वाजता पोचतो ते कळव."
मोठ्यानं हसले. गंगू पीठभरल्या हातानं बाहेर. "बाईसाब, हसलासा व्हय? लय दिसांनी."

सांगली, २ फेब्रुवारी
मिरजेला गाडी बदलून अकराला पोचले. सुमा दारातच. वाळलीय. पांढऱ्या लुगड्यात अजून लहान दिसते.
लढाईआधी यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून युरोपातल्या गाड्यांचं वेळापत्रक आणलं होतं, ते बरोबर नेलं. यातल्या किती गाड्या आता धावतात देव जाणे. तरी दिवसभर तेच. नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मग डोंगरातून ल्युसर्न, शेवटी पॅरिस.
सुमा जैन, सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. मी म्हटलं, गाड्या अशा बघू की दिवस असताना मुक्कामी पोचू. मग पाहिलं तर जूनमध्ये तिकडं सूर्य नऊला मावळतो! ती टाळी देऊन, "बघ. आपल्या जैनांसाठीच केलाय गं तो देश."
"आणि बटाटा? तिकडं त्याच्याशिवाय ताट नाही म्हणतात."
"तू खा माझ्या वाटणीचा. मी दशम्या बांधून घेते."
सून शांता दूध घेऊन आली आणि वेळापत्रकाकडे बघत उभी राहिली.

सातारा, १९ फेब्रु.
मुंबईच्या एजंटाचं पत्र. बोट जूनच्या पहिल्या आठवड्यात. दोन जागा धरल्यात. पासपोर्टचं लवकर बघा म्हणतो. माझा अर्ज गेला. सुमाचा?

७ मार्च
सुमाचं पत्र. पासपोर्टच्या फोटोत डोळे मिटले गेले, पुन्हा काढायचाय. मागच्या पत्रात, अर्जावर सही करायची राहिली होती. त्याआधी भूपाल बाहेरगावी. खाली मात्र व्हेनिसची गाडी पावणेदहाची धर, दहाची नको, असं बारीक अक्षरात.
भूपाल, तिचा मुलगा. हळदीचा व्यापार, शांत पोरगा. पण नक्की तोच आडवा येतोय. विधवा आई परदेशी गेली तर लोक काय म्हणतील. दुसरं काय असणार.

सांगली, १५ मार्च
न कळवता आले. सुमा देवळात गेलेली. भूपाल ओसरीवर भेटला आणि माझा तोल गेला. "जन्मभर तुमचंच केलं तिनं. एक हौस आहे, तीही पुरवू देत नाहीस?" असं आणि आणखी पुष्कळ. तो खाली मान घालून ऐकत राहिला. "मावशी, बसा तरी," एवढंच.
शांतानं हात धरून स्वयंपाकघरात नेलं. "त्यांना नका बोलू, मावशी. अक्कांचं दिग्व्रत हाय. दिशांची मर्यादा. पूर्वेला शिखरजी, उत्तरेला गिरनार, दक्षिणेला गोमटेश्वर. पश्चिमेला समुद्राचा काठ. त्यापल्याड पाऊल नाही, जन्मभर. मुनिमहाराजांसमोर घेतलंय."
कधी?
शांता पदर पिळत राहिली. "काका मिरजेला दवाखान्यात हुते, तवा. त्यांना उतार पडावा म्हणून. तुमाला सांगू नका म्हणून आमाला शपथ घातलीया."
काका म्हणजे हे.
मी भूपालची माफी मागायला गेले तर तो पाण्याचा तांब्या घेऊन उभा.

१६ मार्च
काल तिच्याशी बोलवेना. आज सकाळी गाठलं. ती तांदूळ निवडत होती.
"दिशाच का? दुसरं काही सोडायचंस. गोड सोडायचंस."
"गोड मला कुठं आवडतं? आवडतं तेच द्यायचं असतं."
"आणि ते तर गेलेच, सुमे."
"हो. गेले." खडा काढून बाजूला ठेवला. "असा सौदा करायचा नसतो व्रतात. माझं चुकलंच ते. पण व्रत व्रतच."
मी म्हटलं, महाराजांना विचारू. सोडवता येत असेल. तर चिडली. "लुगडं आहे का ते, पसंत पडलं नाही म्हणून दुकानात परत द्यायला?"
मग इतके दिवस हे सगळं का केलंस, रोम काय, व्हेनिस काय?
"तुझं पत्र वाचलं. वर्षभरात पहिल्यांदा तू काहीतरी मागत होतीस. नाही कसं म्हणू? वाटलं, तू बोटीत चढेपर्यंत रेटावं. आयत्या वेळी ताप आणायचा."
"खोटा ताप? खोटं बोलणं चालतं तुझ्या धर्मात?"
"नाही चालत. म्हणून तर फोटोत डोळे खरेच मिटले."
दोघी हसलो. नंतर माझ्याच्यानं तांदळाकडे बघवेना.

सातारा, २७ मार्च
मिरजेचे ते दिवस पुन्हा पुन्हा. सुमा रोज डबा घेऊन यायची, माझ्यासमोर बसून मला खायला लावायची आणि दिवस असताना परत जायची. एकदाच उशिरा आली, दिवेलागणीला. पाय धुळीनं भरलेले. कुठं गेली होतीस म्हटलं तर, "दर्शनाला." यांनी डोळे उघडून तिला ओळखलं होतं त्या दिवशी. मला केवढा धीर आला होता.
तोच व्रताचा दिवस. मी तिला विचारलेलं नाही. विचारणार नाही.
आम्ही दोघींनी लहानपणी ठरवलेलं तिनं माझ्या माणसासाठी देऊन टाकलं. आणि मी तिलाच पत्र लिहून, चल.

८ एप्रिल
माझा पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखी दिसते. गंगूनं उलटसुलट पाहिला. "एकलीच जाणार व्हय? आवं, तितं पडलासा तर पाणी कोन पाजंल?" मग जरा थांबून, "पर जावा. हितं तरी काय करतासा. भिंतीकडं बघत बसतासा."
सुमाचं जाड पाकीट. सगळा बेत एकटीसाठी पुन्हा मांडलाय. फ्लॉरेन्सचे दोन दिवस कापले, "तिथं तुला त्यांची आठवण येईल, चित्रं त्यांना आवडायची." ल्युसर्नला वाढवले. रात्रीच्या गाड्या काढून टाकल्या. खाली, "इंदू, तू गेली नाहीस तर माझं दोन्हीकडून गेलं."
पण तिला मागं ठेवून जायचं हे कसलं जाणं? आणि नाही गेले तर तिच्या या अक्षरांकडे कशी बघू?

२१ एप्रिल
एजंटाची तार. शुक्रवारपर्यंत नक्की सांगा, एक जागा की एकही नाही.
जायचं की नाही ते ठरलेलं नाही. पण या वयात निरवानिरव दोन्ही बाजूंनी बरी. पुतण्या विनायक यानं हे पान वाचून तसं करावं.
यांचे लोकरीचे दोन्ही कोट गंगूच्या नवऱ्याला. उसवून लहान करू नयेत, तो तसेच घालील.
शिवणाचं यंत्र गंगूला. पितळी बंबही.
माझ्या पाटल्या शांताला. भूपालसमोर द्याव्यात, आणि मी त्याला वाईट बोलले होते त्याबद्दल पुन्हा एकदा माफी.
इंग्रजी पुस्तकं मुलींच्या शाळेला. वाळवी लागलेली आधी काढावीत.
सुमाला वस्तू कोणतीही देऊ नये. तिनं वस्तूंचीही मर्यादा घातलीय, एक आली की घरातली एक काढावी लागते. तिला फक्त पत्रं. ती वाचून दुसऱ्याला देता येतात. ती मी लिहीतच राहीन, त्यांवर शिक्का कुठल्या गावचा असेल ते मात्र आज मला सांगता येत नाही.