चंदेरी बुटांची रेकॉर्ड

मंगळवार, १ एप्रिल २०२५, मुरुड
दादा-वहिनी आज पनवेलला गेले, मुलीकडे. दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्यांचं घर माझ्यावर. दादाने बजावलं, खोल्या झाड, माडांना पाणी घाल, रेकॉर्डना हात लावू नको. म्हणजे ओल्या हाताने लावू नको, असा मी अर्थ घेतला.
संकल्प: पंचायत समितीत बत्तीस वर्षं फायली लावल्या. दादाच्या एकाहत्तर रेकॉर्ड तो यायच्या आत लावून ठेवायच्या. यादीसकट. सरप्राइज.

बुधवार, २ एप्रिल
हात साबणाने धुऊन सुरुवात. दादा जहाजावर स्वयंपाकी होता, तेव्हा बंदराबंदरातून आणलेला माल. सगळा ग्लॅम रॉक. म्हणजे बाप्येच, पण डोळ्यांना चमकी, ओठांना लाली, पायांत उंच टाचांचे बूट. त्यांची गाणी पुढे दुसऱ्या बँडांनी परत म्हटली, ती कव्हरं. दादाने तीही जमवली. दोन रकाने पाडले: मूळ आणि कव्हर.
रचनाला सांगितलं. म्हणाली, कव्हरं घालणार असाल तर पोरीच्या वह्यांचा ब्राऊन पेपर उरलाय. बायकोला संगीत कळत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल
चंदेरी बुटांची रेकॉर्ड ऐकली. पाकिटावर फक्त बूट आहेत, म्हणून आमच्या घरात तिचं हेच नाव. दादाची सर्वांत जुनी. लहानपणी तिच्यावर दादाने मला बाकावर उभं करून नाचवलं होतं, कपाळाला आईच्या साडीची जर बांधून. हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं.
मग तिचं कव्हर ऐकलं, पंधरा वर्षांनंतरचं. तीच सगळी गाणी, दुसरी पोरं. मूळ सरस. पण दोष आहे: दुसऱ्या गाण्यात टक टक येते. बुरशी असणार. धुणे आवश्यक.

शनिवार, ५ एप्रिल
सकाळी ११. आमच्या घरी आणून धुतली. अंगणात खाटेवर वाळत टाकली, शेजाऱ्यांच्या बोंबलांजवळ. या किनाऱ्यावर बोंबील, सुपारी, पापड, सगळं उन्हातच वाळतं.
दुपारी १. एसटी स्टँडवर ऑफिसातला अनंता भेटला. चहा. त्याला ग्लॅम रॉक समजावला. त्याने मिळेल ती गाडी पकडली.
२.१०. रेकॉर्डची पुरी झालीय. फुगलेली.
३.००. घाबरायचं कारण नाही. सुती पंचा, मंद इस्त्री.
३.४०. आता सपाट आहे. तिच्यावरच्या रेघाही सपाट आहेत.

रविवार, ६ एप्रिल
रचनाने विचारलं, इस्त्रीला कसला वास? शर्ट जळला म्हटलं. कुठला? टाकून दिला म्हटलं. मग एक चांगला शर्ट खरंच टाकावा लागला.
संकल्प: दादाला आजच फोन करून सांगायचं. पण परवा ऑपरेशन. त्याचं बीपी वाढवून डॉक्टरांचं काम अवघड करणं बरोबर नाही. दादाच्या भल्यासाठी गप्प.

मंगळवार, ८ एप्रिल
ऑपरेशन यशस्वी. वहिनी म्हणाल्या, आता बारीक अक्षरंही दिसतील. रेकॉर्डच्या मधल्या चकतीवरची अक्षरं बारीकच असतात.
मला आनंद झाला. जरा उशिरा झाला.

गुरुवार, १० एप्रिल
तोडगा. चंदेरी बुटांच्या पाकिटात कव्हरवाली रेकॉर्ड घातली. ही फसवणूक नव्हे. शब्द तेच, चाल तीच. पन्नास वर्षांत माणसाचा आवाज बदलतो, रेकॉर्डचा का बदलू नये?
सपाट रेकॉर्ड आणि कव्हरवालीचं रिकामं पाकीट माझ्या कपाटात, बनियनखाली. बनियन काढताना बघायचं नाही.

सोमवार, १४ एप्रिल
जयंती. विहारात पंचशील घेतलं. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही, तिथे मला खोकला आला. खरंच आला. अगरबत्तीचा धूर होता.

रविवार, २० एप्रिल
दादा परतला. काळा चष्मा. चार वाजता, दर रविवारसारखे, चंदेरी बूट मागितले. मीच झटकन लावली, चकती दिसू दिली नाही. दुसऱ्या गाण्याला तो पुढे वाकला. थांबला. मग मागे टेकला. म्हणाला, “गडी तरणा झालाय रे.”
मी म्हटलं, सुई पुसली.
म्हणाला, “व्हय?”
वहिनी भिंतीकडे बघत होत्या.

रविवार, २७ एप्रिल
आज सांगायचंच म्हणून डझनभर ताडगोळे घेऊन गेलो. गाणी संपल्यावर दादाने विचारलं, “काय बोलायचं हाय का?” मी म्हटलं, ताडगोळे कोवळे आहेत. सात मीच खाल्ले.

रविवार, ४ मे
कबुली फुलस्केपवर लिहून नेली. चार परिच्छेद. खिशातून काढणार तोच दादा बोलायला लागला. कधी न सांगितलेलं. दिघीचा बाळाजी, जहाजावरचा त्याचा जोडीदार. दोघांनी मिळून ही रेकॉर्ड घेतली. बाळाजी नाचता नाचता प्लेअरवर पडला, अंगठी घासली, दुसऱ्या गाण्यावर ओरखडा. पुढच्या वर्षी तो तापाने जहाजावरच गेला. दादा म्हणाला, “टक झाली की वाटायचं, आला बाळाजी.” मग म्हणाला, “आता येत न्हाय.”
कागद खिशातच राहिला. मी त्याला बुरशी समजलो होतो.

शुक्रवार, ९ मे
विचार केला. कबुलीने दादाला काय मिळणार? त्याला टक मिळाली पाहिजे. दादा-वहिनी डोळे तपासायला अलिबागला गेले, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. साडीची पिन. दुसऱ्या गाण्यावर एकच ओरखडा. पिन थोडी घसरली. वाजवून बघायचा धीर झाला नाही, पण टक येणारच.
हे मी माझ्यासाठी केलेलं नाही.

रविवार, ११ मे
चार वाजता. दुसरं गाणं. टक आली.
मग रेकॉर्ड तिथेच अडकली. तोच अर्धा शब्द, परत, परत. मी मोजलं, एकोणीस वेळा. शेवटी दादा उठला, सुई उचलली, चकती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. चष्म्याशिवाय.
“धम्मा, बाळाजीची कधी गेली?”
“पाच एप्रिलला. दुपारी.”
“इस्त्रीनं?”
रचनाने वासाचं वहिनींना तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी फुलस्केप काढला. दादा म्हणाला, वाचू नको.
म्हणाला, पहिल्याच रविवारी कळलं होतं. तू बोलशील म्हणून थांबलो. तोवर ही ऐकत होतो. “ही पोरं पण बरी म्हणतात रे. आवडायला लागली होती.” ओरखड्यावरून बोट फिरवलं. “आता ही पण गेली.”
मी फुलस्केप घडी करून परत खिशात ठेवला.
वहिनी चहा घेऊन आल्या. दोनच कप.
तसा मी साडेचारनंतर चहा घेत नाही. हे त्यांच्या लक्षात असणार.